सव्वा मूठ

द्रौपदाबाईंनी गोणीतून सव्वा मूठ गहू काढून सुपात टाकले आणि म्हटलं, "हाई रविंद्रनी."

रविवारी घरात कानबाई देवी बसणार होती. घरात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावानं सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे आणि त्याचे रोट करायचे. ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याला तुकडाही द्यायचा नाही, असा धुळ्याच्या या घराचा नेम होता.

आणि नेमका आज एक परका माणूस समोर खाटेवर बसून चहा पीत होता. एरंडोलचे निवृत्त शिक्षक, गुलाब सर. द्रौपदाबाईंच्या नातीनं, नूतननं, त्यांना मोठ्या हौसेनं बोलावलं होतं आणि आता तिलाच घाम फुटला होता. सर बौद्ध होते. या घरात बौद्ध वस्तीतलं कोणी आजवर अंगणाच्या आत आलं नव्हतं.

हौसेखातर नूतननं वडिलांची थुंकी नळीत भरून डीएनए तपासणीला पाठवली होती. सरांच्या मुलींनीही त्यांची पाठवली होती. बापाचा बाप, त्याचा बाप असं मागं मागं गेलं की दोघांचा मूळ पुरुष एकच निघत होता. नूतन स्वतः प्रयोगशाळेत काम करायची, तिला तिळमात्र शंका नव्हती. भीती होती ती घरच्यांची. सर आज मान खाली घालून उठले असते, तर तिला त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"मशीन काय, काहीही सांगतं," तिचे वडील, रविंद्र, दारातूनच म्हणाले. मघापासून ते तिथंच घुटमळत होते. "भाऊबंदांत कळलं तर मगनकाका घर डोक्यावर घेतील."

"मशीनला मगनकाका माहीत नाहीत, पप्पा," नूतन म्हणाली.

सर मोकळेपणानं हसले. "रविंद्रभाऊ, मी शेताची वाटणी मागायला आलो नाही. मुली म्हणाल्या, रक्ताचं माणूस सापडलंय, बघून तर या. बघितलं. नाक तेवढं माझ्यासारखं निघालं तुमचं, त्याला माझा इलाज नाही."

रविंद्रचा हात आपोआप नाकाकडे गेला. द्रौपदाबाईंनी आधी लेकाकडे पाहिलं, मग पाहुण्याकडे. बाजारात वांगी पारखावीत तसं पाहिलं, घाई न करता. मग म्हणाल्या, "भाऊ, तुना घरमा बाप्या माणसं कितला शेतस?"

नूतननं चमकून आजीकडे पाहिलं. घरात पुरुष किती, हे सुपापाशी बसून फक्त भाऊबंदाला विचारतात.

"माय!" रविंद्र ओरडलेच.

सरांनी कप खाली ठेवला. "माय, आम्ही देव मानत नाही. कानबाईही करत नाही."

"तू नको मानू. मी देव नही मोजस, आपला लोक मोजस." त्यांनी गोणीत हात घालून मूठ भरलीसुद्धा. "सांग, कितला?"

"तीन," सर म्हणाले. "मी, प्राची आणि संघमित्रा."

"पोरी नही मोजतस."

"मग माझंही नाव राहू द्या." सरांचा आवाज चढला नाही. "पोरींना सोडून आमच्या घराची मोजणी होत नाही, माय."

रविंद्रना हायसं वाटलं. पीडा आपणहून टळत होती. नूतन मात्र रडायच्या बेतात होती. इतक्या जवळ आलेला माणूस आता उठून जाणार होता.

द्रौपदाबाईंची भरलेली मूठ तशीच राहिली. बोटांच्या फटीतून दोनचार दाणे निसटले. मग त्यांनी ती गोणीत रिती केली, सूप उचललं आणि त्यातले रविंद्रच्या नावाचे गहूही परत गोणीत ओतले.

"माय, अगं माझी मूठ..."

"तू थांब जरा," त्या लेकाला म्हणाल्या आणि रिकामं सूप पुन्हा पुढ्यात घेतलं. "नूतन, आठे बस. पहिली मूठ तुनी."