शेवटच्या भेटीचा रकाना

"मशीन म्हणतंय, ड्रायव्हरकाकांना आज कोणीतरी भेटून गेलं. कालही तेच म्हणत होतं," वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकबाई वैतागून म्हणाल्या. "अहो, इथे राहायला आल्यापासून त्यांच्याकडे चिटपाखरूही फिरकलेलं नाही!"

प्रोग्रॅमर मुलीने लॅपटॉप उघडला. रविवार असूनही ती आली होती. घरी तिला अडवणारं होतं कोण? आश्रमाचा नियम साधा होता. महिनाभर ज्याला कोणी भेटलं नाही, त्याचं नाव यादीत येई आणि रविवारी एक स्वयंसेवक त्याला फिरायला नेई. ड्रायव्हरकाका दर रविवारी दाढी करून, बूट घालून तयार बसत. नाव काही येत नसे.

घोटाळा लगेच सापडला. रोज सकाळी प्रत्येकाची नवी नोंद होई, आणि 'शेवटची भेट' हा रकाना कोरा असला की मशीन आपल्या मनाने आजची तारीख ठोकून देई.

"हे कोणी करून ठेवलं?"

"मीच सांगितलं होतं आधीच्या माणसाला," बाई ओशाळल्या. "रिकामे रकाने बघवत नाहीत हो. पाहुणे येतात, त्यांना काय वाटेल?"

तिने ती आपोआप पडणारी तारीख काढून टाकली. यादी पुन्हा काढली, तरी काकांचा पत्ता नाही. कोरी जागा मशीनच्या लेखी जुनीही नव्हती आणि नवीही. कोऱ्या जागेला ते मोजतच नव्हतं. हे लक्षात आल्यावर तिच्या मनाला उगाचच लागलं. तिचा स्वतःचा फोनसुद्धा कामापुरताच वाजायचा.

"टाका एखादी जुनी तारीख आणि व्हा मोकळ्या," बाई म्हणाल्या.

"खोटी नको. विचारून येते."

काका व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. बूट चकचकीत होते. ती लॅपटॉप घेऊन शेजारी टेकली.

"काका, तुम्हाला भेटायला शेवटचं कोण आलं होतं?"

"शेवटचं यायला आधी पहिलं कोणी यायला हवं ना?" काका हसले. हसू फार टिकलं नाही.

"मग रकाना कोराच ठेवते. कोरे असतील त्यांना सगळ्यांत आधी घे, असं सांगते मशीनला." तिची बोटं भराभर चालली. "हे बघा, पहिलंच नाव तुमचं! पुढच्या रविवारी न्यायला माणूस येणार."

काकांनी चष्मा पुसून आपलं नाव दोनदा वाचलं. मग चाचरत विचारलं, "पण आता तुम्ही आलात ना? ही भेट लिहावी लागेल?"

"लिहिली तर महिनाभर नाव येणार नाही, काका."

काका बाकावर जरासे सरकले, तिला नीट बसता येईल एवढे.

"मग लिहू नका," ते म्हणाले. "बसा मात्र."