निळ्या चिंधीची टोपली

नवरात्रात शकुनबाईने काळजीपोटी घटाच्या टोपलीत इतकं पाणी घातलं की पाचव्या माळेला गव्हाचे जवारे कुजले. अष्टमीला सुनेचं भंडाऱ्यात ऑपरेशन होतं. जवारे गेले की घरातलं माणूस जातं, असं सासू सांगायची. शकुनबाईने टोपली फडक्याने झाकली. नवऱ्याला, भैय्यालाललाही, सांगितलं नाही. त्याने जन्मात देवापुढे हात जोडले नव्हते. अष्टमीच्या सकाळी फडकं उचललं, तर वीतभर हिरवेगार जवारे. देवी पावली म्हणून ती वाकली आणि थबकली. काठाला निळी चिंधी होती. टोपली शेजारच्या गोदावरीबाईची. ती अनवाणी धावली. गोदावरीबाई कुजक्या जवाऱ्यांपुढे दिवा लावत होती. "काहून केलं असं, बाई? संकट तुया घरावर येईन." गोदावरीबाईने वात सारली. "काल भैय्यालालभाऊ टोपली घेऊन आले होते." "काय म्हणले?" "काहीच नाही. उंबरठ्यावर ठेवली, अन् माह्यासमोर दोन्ही हात जोडले."