कानामागची पट्टी

डावा डोळा अंधारल्याचं सुनीतीने नवऱ्याला, श्रीरंगला, चौथ्या दिवशी, चहा पिताना सहज सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराने तिच्या पायांतलं बळ आधीच नेलं होतं. मेंदूला संकेत देऊन घाबरलेलं, रडवेलं मन क्षणात शांत करणारी पट्टी दोन वर्षं तिच्या कानामागे होती.

“पहिल्याच दिवशी आला असतात, तर डोळा कदाचित वाचला असता,” दवाखान्यात डोळा तपासून डॉक्टर म्हणाले.

“अगं, मला हाक का नाही मारलीस?” श्रीरंग तिच्याकडे वळला.

“भीतीच वाटली नाही रे.”

“डॉक्टर, आधी ती पट्टी काढा!”

“काढतो. पण मेंदूला आता तेच वळण पडलंय. भीती काय, रडूही परत यायचं नाही.”

श्रीरंग हुंदके देऊ लागला. सुनीतीला त्याच्यासोबत रडायचं होतं. तिने जिवाच्या आकांताने प्रयत्न केला. श्वास मात्र संथ चालत राहिला.