सात टाळ्या

"इंडस्ट्रियल... लाशन!" पोरगी गडबडली आणि अख्खा वर्ग खदखदून हसला.

फळ्यापाशी उभ्या सुरभीनं खडू घट्ट धरला. रोह्याच्या या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची एकच जागा होती आणि त्या जागेसाठीचा हा नमुना पाठ हातातून निसटत चालला होता. मागच्या बाकावर हेडसर घड्याळ बघत होते.

तिनं खडू ठेवला. टाळी वाजवली. इन्. दुसरी. डस्. मग ट्रि, अ, लाय, झे, शन. सात टाळ्या. "आता तुम्ही!" पोरं ठेक्यावर आली. मग तिनं शब्द कसा वाढत गेला ते दाखवलं. आधी नुसतं इंडस्ट्री, त्याचं इंडस्ट्रियल, पुढं इंडस्ट्रियलाइझ, आणि मग हा भलामोठा इंडस्ट्रियलायझेशन. चौथ्या खेपेला कीर्तनात गजर चढावा तसा वर्ग एका सुरात तो म्हणाला.

हेडसर उठूनच उभे राहिले. "वा! कुठं शिकलात हे?"

सुरभीची नजर खिडकीकडे गेली. बाहेर व्हरांड्यात पोपट उभा होता. तिचा बाप. वडखळकडच्या मिठागरात पाय चिरून घेतलेला, एकादशीला बुवांच्या मागं डोळे मिटून टाळ धरणारा. लहानपणी सुरभी बोलताना फार अडखळायची. त्यानं तिला मांडीवर बसवून एकेक शब्द टाळावर तोडून शिकवला होता. "शब्द केवढा बी असू दे गो, ठेक्यात धरलास की अडायचा नाय." आज तिनं त्याला गेटाबाहेरच थांबायला बजावलं होतं. टाळ्या ऐकल्या आणि त्याला राहवलं नाही. त्याचे ओठ अजून पोरांबरोबर हलत होते.

"पुण्याला... एका ट्रेनिंगमध्ये," सुरभी म्हणाली.

खिडकीबाहेरचे ओठ थांबले.

"समितीला मी तुमचंच नाव कळवतो," म्हणत हेडसर तिच्यासोबत बाहेर आले आणि पोपटला बघून थबकले. "आपण कोण?"

सुरभीनं तोंड उघडलं. शब्द दोनच अक्षरांचा होता. बाबा. तो काही केल्या फुटेना.

पोपटनं हात जोडले. "रिक्षावाला हाय, साहेब." मग तिच्याकडे वळला, पण नजर खालीच ठेवली.

"चला मॅडम. तुमची बॅग द्या इकडं."