केसाचा फासा

दिवस उगवायच्या बेताला चन्नवीर सरांनी वही उघडली. डाव्या रकान्यावर 'नायलॉन' लिहिले, उजव्यावर 'घोड्याचा केस', आणि ते मानसिंगच्या मागून माळावर चालू लागले.

सर सोलापूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवीत. दुष्काळात माणसाने रानावर कसे तगावे, हे मुलांना दाखवण्यासाठी कॉलेजने सांगोल्याच्या या माळावर तीन दिवसांचे शिबिर भरवले होते. मानसिंग पारधी तितरांचे फासे लावून दाखवणार आणि जे सापडेल ते त्याचे, असे ठरले होते. त्याची बायको रंभाबाई अकरा दिवसांची बाळंतीण होती. अंगावर दूध नव्हते. तितराच्या रश्श्याने दूध उतरते, असे मानसिंगचे म्हणणे होते. त्याला पुरावा सरांनी मागितला नाही. अकरा दिवस अंगणवाडीच्या नुसत्या सुकडीवर काढलेल्या बाईला मांस मिळाले तर बरे, एवढे शरीरशास्त्र त्यांनाही मान्य होते.

फाशाच्या दोऱ्याबद्दल मात्र त्यांनी पुरावा गोळा केला होता. एका गिरणीत सूत ताणून बघायच्या यंत्रावर केसाचा पीळ दीड किलोला तुटला, नायलॉन सहा किलोला. म्हणून काल संध्याकाळी मानसिंगने केसाचे तीस फासे लावले, तेव्हा सरांनी शेजारच्या ओळीत नायलॉनचे तीस लावले होते.

"मानूस हाय का खांब?" बाभळीखालून रंभाबाईने हाक दिली. पोर मांडीवर होते. समोर तीन दगडांवर पातेले चढले होते. "मोजून झालं का न्हाय सायेबांचं? पानी आटाया लागलंय."

"चढवायची घाई तुला," मानसिंग म्हणाला आणि हसला.

केसाच्या ओळीत दोन तितरे होती. पहिल्याच्या पायाला काट्यासारखी आर होती, म्हणजे नर. तो त्याने मुठीत धरला. दुसरे उचलून त्याने पोटावर अंगठा फिरवला, क्षणभर थांबला, फासा सैल केला आणि पक्षी जमिनीवर ठेवला. मादी चार पावले अडखळली, मग पळत तरवडाच्या झुडपात शिरली.

"अरे, सोडलीस?"

"अंडीवाली हाय, सर."

"निम्मी कमाई गेली तुझी."

"जाऊ द्या की. पिल्लं घिऊन यील."

सरांनी उजव्या रकान्यात दोन लिहिले होते. ते खोडून एक केले.

नायलॉनच्या ओळीत तीन होती. "बघ," सर म्हणाले, "एकही तुटला नाही." मानसिंग गुडघ्यांवर बसला. दोरा कातडीतून आत गेला होता, हाडापर्यंत. एकीचा पाय नुसत्या शिरेवर लोंबत होता. त्याने तिन्हींच्या पोटांवर अंगठा फिरवला.

"तीनी अंडीवाल्या," तो म्हणाला.

"मग आता यांना सोडून तरी काय उपयोग? संध्याकाळपर्यंत मरतील. घेऊन जा. चार पक्षी झाले, बाईला दोन दिवस पुरतील."

"अंडीवाली आमच्यात चुलीवर चढत न्हाय."

"मग नर तरी ने."

मानसिंगने मुठीतल्या नराकडे पाहिले. "न्हाय, सर. अंडीवाली फाशात जायबंदी झाली, की त्या दिशीचं काईच न्हाय. आन् त्या माळावर दिवाळीपतूर फासा न्हाय. आमच्या आज्यापास्नं चालत आलंय."

सरांनी चष्मा काढून पुसला. अंधश्रद्धेवर ते वर्गात चांगले बोलत. "मानसिंग, नीट विचार कर. मादीला वाचवायचे म्हणून तो नियम, हे मला पटते. पण मरू घातलेल्या मादीच्या पायी जिवंत बाईला उपाशी ठेवण्यात काय अर्थ आहे? आणि फासा माझा होता. तुझा नव्हता."

"फासा तुमचा," मानसिंग म्हणाला. "माळ माजा हाय न्हवं?"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"तुमी स्वता तितर खाता का, सर?"

"नाही. आमच्यात मांस चालत नाही."

"इतकं उपाशी असला तरी?"

"आम्ही कधी उपाशी..." असे म्हणून सर थांबले.

शिबिराचा स्वयंपाकी धोंडीराम टोपली घेऊन आला होता. "सर, कुनी नेत नसंल तर पोरांच्या कालवनाला होत्याल," तो म्हणाला. सरांनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. धोंडीरामने तिन्ही माद्या उचलल्या.

मानसिंग नर घेऊन बाभळीपर्यंत गेला. रंभाबाईने त्याच्याकडे पाहिले, मग त्याच्या पाठीमागे टोपली घेऊन चाललेल्या धोंडीरामकडे. मानसिंगने मूठ उघडली. नर भर्रकन उडाला आणि थोडे दूर जाऊन उतरला.

चन्नवीर सर उभ्या उभ्या लिहीत होते. जे घडले ते लिहायचे, हा त्यांचा बाणा होता. डाव्या रकान्यात तीन. उजव्या रकान्यातला एकचा आकडाही त्यांनी खोडला आणि तिथे शून्य केले.

मान वर केली तेव्हा रंभाबाईने पदराने धरून पातेले उतरवले होते. टँकर आता गुरुवारी यायचा होता. तापलेले पाणी ती घागरीत परत ओतत होती, धार बारीक ठेवून, एक थेंबही बाहेर न सांडता.