चार तारा
साहेबांनी दिलेला लग, म्हणजे जोडणीसाठी केबलवर बसवायची धातूची टोपी, मिस्त्रींनी ट्रान्सफॉर्मरच्या केबलच्या टोकावर धरला. केबल जाड, लगचं भोक लहान. "मोठे लग स्टोअरमध्ये नाहीत. केबलमधल्या चार तारा छाटा आणि दाबून बसवा," साहेब म्हणाले. "बाहेरून कुणाला काय कळतंय?" "ट्रान्सफॉर्मरला कळतं, साहेब. सगळा भार उरलेल्या तारांवर येतो आणि सांधा तापतो." "उगाच बाऊ करू नका." "बाऊ? मागच्या वर्षी माझ्या भावाने तुमचं ऐकून तारा छाटल्या. सांधा पेटला, त्यात भाजून भाऊ गेला. चौकशीत तुम्ही लिहिलंत, कामगाराचा हलगर्जीपणा!" मिस्त्रींनी पक्कड साहेबांच्या हातात कोंबली. "घ्या, तुम्हीच छाटा. आणि वीज सोडताना इथेच उभे राहा." साहेबांनी दोन पावलं मागे सरून फोन लावला. दहा मिनिटांत स्टोअरमधून मोठ्या लगचं खोकं आलं. त्यावर स्टोअरमध्ये जमा झाल्याची तीन वर्षांपूर्वीची तारीख होती. "मग माझ्या भावाला का नाही दिलेत?"