पुसलं गेलेलं भांडण

"गजा, किती वाळलास रे!" मोरेश्वरांनी धाकट्या भावाला मिठीच मारली आणि त्याच्यासाठी घावन घालायला ते स्वतः आत गेले.

गजानन गोंधळून उभा राहिला. दोन वर्षांपूर्वी दादाच्या मुलीच्या लग्नात तो चारचौघांत त्याला नको नको ते बोलला होता. आज माफी मागायला आला होता.

"वहिनी, दादा विसरला?"

"पक्षाघातापासून त्यांच्या डोक्यात चिप आहे ना," सुनंदावहिनी हळूच म्हणाल्या. "वरचेवर आठवलेल्या गोष्टी ती ओट्यावरच्या डब्यांसारख्या हाताशी ठेवते. वर्षभर हातच लावला नाही, तर पुसून जागा करते. आता माफी मागून ते पुन्हा ओट्यावर आणू नका."

"म्हणजे माफी राहिलीच."

"भाऊजी, आमच्या लग्नात माझ्या माहेरून आलेल्या आखूड कोटाचा राग त्यांच्या ओट्यावर अजून आहे. तुमचं बोलणं मात्र त्यांनी वर्षभरात एकदाही मनात आणलं नाही."

गजाननाने डोळे पुसले.

आतून हाक आली, "गजा, तुला घावनाबरोबर अजून गूळच लागतो ना रे?"